विहारातल्या स्पीकरवर माझी पदवी

घरी मी पदवीधर होतो आणि ऑफिसात बारावी पास. घर मुलुंडला, ऑफिस अंधेरीला. दोन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर माझं अनेक वर्षं चाललं होतं.

सुरुवात मी केली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल बघून घरी पोचलो, तर पेढे माझ्याआधी पोचले होते. आई दवाखान्यात आया होती. कामावरून येतानाच ती पेढे घेऊन आली होती, कारण मुलगा नापास होईल हे तिच्या डोक्यातच नव्हतं. शेजारच्या काकूंनी एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. तोंडात पेढा असताना ‘मी उडालोय’ हे काही नीट सांगता येत नाही. पेढा गिळला, त्याच्याबरोबर वाक्यही गिळलं. पेढा चांगला होता, हे अजून आठवतं याची जास्त लाज वाटते.

तिथंच गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक. पण मला बोलायची हौस. आमच्या विहारात दर जयंतीला गुणगौरव असतो. दहावी पास झालेल्यापासून डॉक्टर झालेल्यापर्यंत वस्तीतल्या प्रत्येकाला स्टेजवर बोलावून पुस्तक आणि पेन देतात. नावं पुकारायला माईक माझ्या हातात. नुसती नावं पुकारून माझं भागतंय थोडंच! “शॉर्टकट मारू नका रे पोरांनो, पदवी घ्या, नीट घ्या,” असं काय काय मी आवाज लावून सांगायचो. पहिल्या रांगेत पांढरी साडी नेसून आई बसलेली असायची. मी बोलायला लागलो की ती शेजारणीकडे बघायची. माझ्याकडे नाही, शेजारणीकडे.

गेल्या वर्षी ऑफिसात सुपरवायझरची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, “काम तूच करतोयस. फक्त ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट आण.” नाहीये म्हटल्यावर म्हणाले, “मग ऑनलाइन कर ना. आजकाल सगळेच करतात. पण लवकर कर.”

जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर पदव्या बघायला लागलो. आता शहाण्या माणसानं काय बघावं? मान्यता आहे का, विषय कोणते, शिकवतं कोण. मी मार्केटात भेंडी बघावी तसा बघत होतो. सगळ्यात स्वस्त कोणती, आणि आत्ता लगेच कोणती मिळेल. कॉमर्सचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं म्हणून बी.ए. एका ठिकाणी नंबर टाकला, तर डबा बंद करायच्या आत एका मुलीचा फोन. ती म्हणे माझी कौन्सेलर.

“एका वर्षात होईल का हो?” मी विचारलं.

“बघावं लागेल, सर.”

“आणि परीक्षा न देता?”

“मी वर विचारून कळवते हां, सर.”

तिनं कळवलं. जयंतीच्या दिवशी, गुणगौरव ऐन रंगात असताना.

आमच्या विहारात चाकांचा मोठा ब्लूटूथ स्पीकर आहे. माईक त्यालाच, आणि मधली गाणी वाजतात ती माझ्या फोनवरून. फोन मागे चार्जिंगला लावलेला. मी नेमका ‘शॉर्टकट’वर आलो होतो आणि स्पीकरमधून रिंग वाजायला लागली. मंडळाचा सेक्रेटरी माझा लहानपणचा मित्र. रिंग बंद करायला तो स्पीकरवर वाकला आणि त्यानं एक बटण दाबलं. फोन उचलला गेला.

“हॅलो सर, तुमचं विचारलं मी. परीक्षा न देता बी.ए. नाही होत. मान्यता असलेल्या ठिकाणी कुठेच नाही होत.”

मी हातानं ‘बंद कर, बंद कर’ करत होतो. त्यानं दुसरं बटण दाबलं. आवाज वाढला.

“आणि एका वर्षात पण नाही होणार, सर. तुम्ही बारावीच आहात ना, म्हणून तीन वर्षं लागतील. पण सगळ्यात स्वस्त पाहिजे म्हणालात, ते आहे आपल्याकडे.”

शेवटी सेक्रेटरीनं वायरच खेचली. माईकही मेला. मागे कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. दहावी पास झालेली एक मुलगी स्टेजवर पुस्तक घेऊन उभी होती, तिला कळेना थांबावं की उतरावं. आई आता शेजारणीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

वायर परत लागली. उरलेली नावं मी वाचली. नुसती नावं.

बाहेर चपला घालताना सेक्रेटरी म्हणाला, “काय यार, वाट लावलीस. मला तरी सांगायचंस ना.” त्याला काय सांगणार? त्याच्या मुलाला मी स्टेजवरून दोनदा सुनावलं होतं.

घरी आईनं साडी बदलली, घडी घातली, मला जेवायला वाढलं. मी भात चिवडत बसलो.

“ती मुलगी तीन वर्षं म्हणाली ना?”

“हो.”

“मग घे नाव घालून. मला फसवलंस त्यापेक्षा कमीच आहेत.”

सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली. मी मात्र तीन वर्षांच्या बी.ए.ला नाव घातलं. मान्यता आहे का, ते आधी बघून. संध्याकाळी मोबाइलवर लेक्चर लावलं की आई शेजारी येऊन बसते. माझा डोळा लागला तर कोपरानं ढोसते आणि म्हणते, “बाई बोलतायत, ऐक.”

यंदा जयंतीच्या आधीच पहिल्या सत्राचा निकाल लागला. एका विषयात गेलो. कोणत्या ते सांगायला नको वाटतं. मराठीत. एवढी वर्षं माईकवर मराठी पाजळणारा मी. विहार मंडळानं माईक पुन्हा मलाच दिला होता, तेही का कळलं नाही. आईचं म्हणणं पडलं की यंदा माझाही निकाल मी स्टेजवरून सांगायचा. घरी मी तयारी करत होतो, “एक विषय बाकी आहे...”

“बाकी म्हणजे?” आई आतून म्हणाली.

“म्हणजे राहिलाय.”

“राहिलाय म्हणजे?”

“नापास, आई.”

“मग तसंच म्हण.”

निघताना दारात तिनं हात पुढे केला, मी फोन तिच्या हातावर ठेवला. विहारात सगळ्या मुलांची नावं झाल्यावर मी माझं नाव घेतलं, प्रथम वर्ष, पहिलं सत्र म्हणालो, मराठीत नापास म्हणालो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोठी माणसं खाली बघून हसली. पहिल्या रांगेत आई दोन्ही हातांत माझा फोन घट्ट धरून बसली होती. म्हणूनच तिला टाळी वाजवता आली नाही, असं मी धरून चाललोय.