घाटीणबाई पाण्यात उतरल्या

सुमन खडकावरून उठत नव्हती आणि पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आम्ही बायका कालवं फोडायला जातो, तो खडक. किनारा आणि खडक यांच्यामधे एक चर आहे. सुकतीला त्यात घोटाभर पाणी असतं. भरती लागली की आधी तोच भरतो आणि माणसाला ओढायला लागतो. बाकीच्या बायका निघून काठावर आल्या होत्या. माझी दहा वर्षांची भाची तेवढी तिथे मांडी घालून बसलेली. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, आणि मी उलट्या पावली खडकावर गेलो. बखोटीला धरून ओढलं, तर पोरीने खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारली. कालवांच्या कपच्यांनी हात फाटले तरी सोडीना. वहिनीच्या दंडाला चावली. "बाईंनी सांगितलंय," एवढंच तिचं चाललं होतं.

पुरुष सगळे होड्या घेऊन बाहेर गेलेले. लाथा झाडणारी पोर घेऊन त्या चरातून येणं म्हणजे तिच्यासकट आपण जाणं, हे आम्हां दोघींना कळत होतं. वहिनीने तिला मागून कवळा घातला, लाटेने उचलून नेऊ नये म्हणून. मी चर ओलांडून काठाकडे येत बायकांना ओरडून सांगितलं, "शाळेत धावा गो! घाटीणबाईंना आणा!"

बाईंना पोहता येत नव्हतं. समुद्राचं नाव काढलं तरी त्या विषय बदलायच्या.

त्या कोल्हापूरच्या अंगाच्या, घाटावरच्या, म्हणून गावाने त्यांना घाटीणबाई केलं. बुटक्या, काळ्यासावळ्या, पदर खोचलेला, बोटं कायम खडूने पांढरी. त्यांच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं बोलतात. पहिल्या दिवशी वर्गात "मी पाणी पिऊन येतो" म्हणाल्या आणि पोरं बाकाखाली घुसून हसली. बाई म्हणाल्या, "हसा, हसा. तुम्ही गो-गो करता तेव्हा मीबी हसतो की." गावात येऊन त्यांना बरेच दिवस झाले तरी त्या किनाऱ्यावर कधी फिरकल्या नाहीत. मासळी घ्यायची तर माझ्या दारात यायच्या. "ते सारखं हलतंय, आत्याबाई. हलणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास न्हाई."

सुमनला शाळेत घातलं तेव्हा तिला कुणी धड मूल समजत नव्हतं. अंगाने बारीक, डोकं लहान, डोळे चिमुकले, नाकाखाली ओठावर सगळ्यांना पन्हळ असते तशी नाही, सपाट. बोलायला मात्र गोड. सगळ्यांशी बोलायची, सगळ्यांच्या गळ्यात पडायची. काल शिकवलेलं आज आठवत नव्हतं. पाटी कुठेय म्हटलं की "कुत्र्याने नेली" म्हणायची आणि पाटी दप्तरात असायची. मोठे गुरुजी म्हणायचे, "आळशी आहे आणि वर खोटारडी." छड्या खाऊन यायची. घरी मीही द्यायची, ते सांगायला मला लाज नाही, तेव्हा सगळेच द्यायचे. छडी खाल्ली की ती रडायची आणि पुढल्या घटकेला तेच करायची.

घाटीणबाईंनी छडी लावली नाही. त्या सुमनकडे बघत बसायच्या. गाय दूध का देत नाही म्हणून गवळी गायीकडे बघतो, तसं. मग एक दिवस गुरुजींना म्हणाल्या, "गुरुजी, ती करत न्हाई असं न्हाई. तिला जमत न्हाई. दोन्हीत फरक आहे."

गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आहात."

"मी नवीन आहे, पण ती मार खाऊन जुनी झाली की. काय फरक पडला?"

रत्नागिरीला मुंबईहून मुलांचे एक डॉक्टर यायचे. बाईंनी आपल्या रजेच्या दिवशी आम्हां दोघींना आणि सुमनला एसटीत कोंबलं. वहिनी वाटभर पदराचं टोक चावत होती. डॉक्टरांनी पोरीच्या डोक्याला टेप लावली, ओठ बघितला, चालवून बघितलं. मग वहिनीला विचारलं, "ही पोटात असताना काही घेत होता?"

वहिनी म्हणाली, "औषध."

"कसलं?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "दारू."

खरं तेच होतं. आमच्या आईचा समज की गरोदर बाईने माडाची नीरा प्यावी, पोर गोरं नि भरलेलं होतं. नीरा पहाटे उतरवल्यावर लगेच प्यायली तर नीरा. आमच्या घरी ती उन्हं वर आल्यावर पोचायची, फसफसलेली, म्हणजे माडीच. आई म्हणायची, जोर त्याच्यातच असतो. वहिनी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजार करायची. संध्याकाळी कंबर धरली की आई तिला कपभर पहिल्या धारेची द्यायची. वहिनीला वास सहन होत नसे, पण सासूने दिलेलं औषध म्हणून नाक दाबून प्यायची. दिवस भरेपर्यंत हे चाललं. पुढे ती नाक दाबायची बंद झाली, तेही खरं.

डॉक्टरांनी एक लांब इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. अर्थ राहिला. मेंदू घडत असताना त्याला दारू लागली. औषध नाही. मारून तर मुळीच बरं होणार नाही. शिकेल, पण तिच्या चालीने, आणि शिकवणाऱ्याने आपली चाल बदलायला हवी. वहिनी बाहेर येऊन स्टँडवर खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. बाईंनी तिचा हात धरला. "तुला कुणी सांगितलं न्हवतं. आता सांगितलंय. गावात कुणाला दिवस गेले की तिला तू सांगायचं." वहिनीने ते काम मरेपर्यंत केलं. लोकांनी तिला तोंडावर विचारलं, "तू प्यायलीस ती?" ती म्हणायची, "होय, प्यायले. म्हणून सांगतंय." घरात आईने पुष्कळ दिवस तोंड फिरवलं. पण डॉक्टरकडून आल्यापासून वहिनीने त्या कपाला हात लावला नाही.

बाईंची शिकवायची तऱ्हा बघून वर्गातली पोरं कंटाळायची. सुमनला त्या एका वेळी एकच सांगायच्या. "पाटी काढ." काढेपर्यंत थांबायच्या. "पेन्सिल घे." परत थांबायच्या. मी एकदा म्हटलं, "एवढ्यात तर माझी पापलेटं साफ होतील." बाई म्हणाल्या, "तुमची पापलेटं मेलेली असतात, आत्याबाई. ही जिती आहे. दोन गोष्टी सांगितल्या की दोन्ही सांडतात." तिची बसायची जागा ठरलेली, बाईंच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड, खिडकीपासून लांब. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बाईंनी चित्रं काढलेली: हात जोडलेले, पाटी, पाण्याचा पेला, पोरं खेळताना, घर. जे झालं ते चित्र सुमनने उलटं करायचं. चित्रं भिकार होती. पोरांनी घराला कोंबडीचं खुराडं म्हटलं. पण घरी कधी जायचं म्हणून पोर दिवसभर रडायची, ते थांबलं.

आदल्या दिवशीची अक्षरं विसरून आली की बाई पहिल्यापासून सुरू करायच्या. तोंडावर आठी नाही. "भाकरी आपण रोज थापतो. काल थापलेली आज कुठं गेली म्हणून रडतो काय?" आणि कुत्र्याने पाटी नेली म्हटलं की म्हणायच्या, "तिला आठवत न्हाई, तिथं भोक आहे. भोक दिसलं की ती काहीतरी बुजवते. त्याला खोटं म्हणू नका."

पण मनातून बाई घाबरलेल्या असायच्या, ते मी ओळखलं होतं. सुमनच्या अक्षरांची त्यांना काळजी नव्हती. "ही गोड बोलणाऱ्या कुणाच्याही मागं जाईल. वय वाढेल तशी माझी भीती वाढणार, आत्याबाई."

शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली होती तेव्हा तसंच झालं. दर्शन झालं आणि सुमन दिसेना. बाई देवळाभोवती, वाळूत, दुकानांतून पळत सुटल्या. समुद्राकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. शेवटी ती सापडली एका परक्या कुटुंबात, त्यांच्या बाईचा हात धरून नारळाची वडी खात. त्यांच्या गाडीत बसायच्या बेतात होती. "ती म्हणाली चल, म्हणून," सुमन म्हणाली. बाईंनी तिचं मनगट धरलं ते घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतर बाईंनी तिला एक नियम शिकवला. कुठेही चुकलीस की खाली बसायचं. 'मी येतो तोवर उठायचं न्हाई.' कुणीही बोलावू दे, ओढू दे. बाई येतील, डोक्यावर हात ठेवतील, मग उठायचं. शाळेच्या आवारात, देवळापाशी, स्टँडवर, सगळीकडे नेऊन त्यांनी तो घोटून घेतला. कित्येक महिने. सुमनच्या डोक्यात एखादी गोष्ट राहायला फार वेळ लागायचा, पण राहिली की खिळ्यासारखी. बाईंना पहिल्यांदाच बरी झोप लागायला लागली, असं त्याच म्हणाल्या.

आणि तो खिळा आता त्या खडकात बसला होता. वरच्या वर्गातल्या एका पोरीने कालवं फोडताना थट्टेत बाईंची नक्कल केली होती: "सुमन, इथंच बस. मी येतो तोवर उठायचं न्हाई." पोरी हसल्या आणि निघून आल्या. सुमन बसली.

बाई धावत आल्या. चप्पल वाटेत कुठे गेली कळलं नाही, हाताला खडू तसाच. काठावर उभ्या राहून ओरडल्या, "सुमन! ऊठ!" सुमनने त्यांना बघितलं आणि हसली. हात हलवला. उठली नाही. पाणी तिच्या छातीला लागलं होतं आणि वहिनी मागून तिला धरून बाईंकडे बघत होती.

"ऊठ म्हणतो ना!"

"तुम्ही आला नाय!" पोर ओरडली. वाऱ्यात सुद्धा ऐकू आलं.

बाईंचं तोंड खडूपेक्षा पांढरं पडलं. मला म्हणाल्या, "डोक्यावर हात. तसंच शिकवलंय मी." साडीचा काष्टा घातला. मी त्यांचं मनगट धरलं. "मला सोडू नका," म्हणाल्या, आणि उतरल्या.

चरात पाणी माझ्या पोटाला होतं, म्हणजे त्यांच्या छातीला. पायाखालची वाळू निसटायची तशा त्या माझ्या हाताला नखं रुतवायच्या. डोळे मिटलेले. मी म्हटलं, "डोळे उघडा, मेल्यासारखं काय करताय!" त्यांनी उघडले. मधेच एक लाट आली आणि त्या पाण्याखाली गेल्या. मी अंबाडा धरून वर काढलं. खोकत होत्या, पण मागे वळल्या नाहीत.

खडकाला पोचल्यावर त्यांनी आधी सुमनच्या डोक्यावर हात ठेवला. मग आला तो वर्गातला आवाज.

"मी आलो. आता ऊठ."

पोर उठली. इतका वेळ आम्ही ओढत होतो ती पोर सरळ उठली.

"आईचा हात धर." धरला. "पाय टाक." टाकला. "आता दुसरा." असंच, एक झालं की एक. पाणी चढत होतं, मला ओरडावंसं वाटत होतं की लवकर करा गो, पण बाई थांबायच्या, पोरीचा पाय पडायचा, मगच पुढचं. दोन सांगितल्या असत्या तर ती मधेच उभी राहिली असती. आम्ही काठाला लागलो तेव्हा खडकाचं टोकही दिसत नव्हतं.

बाई वाळूत ओणव्या होऊन खारं पाणी ओकल्या. थट्टा करणारी पोरगी रडत पुढे आली. तिची आई तिला बडवायला लागली, तशा बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिला मारू नका. मी येतो तोवर बस, एवढं मी शिकवलं. मी आलोच न्हाई तर काय, ते शिकवलं न्हाई. ते माझं राहिलं."

मग आम्ही एक विचित्र गोष्ट बघितली. सुट्टीच्या दिवशी सुकतीला बाई सुमनला घेऊन त्याच खडकाशी यायला लागल्या. घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या, मला धरून, ओठ काळेनिळे पडलेले. सुमन बसलेली. पाणी पोरीच्या पायाला लागलं की बाई म्हणायच्या, "पाणी लागलं. ऊठ. घराकडं चाल. मी सांगितलं असलं तरी ऊठ." आठवड्यामागून आठवडे. मी म्हटलं, "बाई, हे मी करून घेते, तुम्ही काठावर बसा." म्हणाल्या, "नियम माझा होता. मोडायचाही मीच." शेवटी एक दिवस बाई तिला मुद्दाम म्हणाल्या, "बस, उठू नको." पाणी आलं. सुमनने पायाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि उठून घराकडे चालायला लागली. बाईंनी पहिल्यांदा माझा हात सोडला.

पुढे त्यांची बदली मंडणगडला झाली. डोंगरात, समुद्र दिसत नाही अशा शाळेत. मी म्हटलं, "आता सुखी झालात." त्या म्हणाल्या, "तिथंबी कुणीतरी असंल की, आत्याबाई." निघताना नव्या बाईंना भिंतीवरची चित्रं दाखवून एकएक समजावत होत्या. एसटी हॉर्न देत होती, कंडक्टर वैतागला होता, तरी त्यांचं संपेना. नव्या बाईंनी चित्रं ठेवली. मोठ्या गुरुजींनीही पुढे छडी आवरली, निदान सुमनपुरती.

सुमन सातवीपर्यंत शिकली. नाव लिहिते, एसटीची पाटी वाचते, पैशात फसते. माझ्याबरोबर मासळी सुकवते. मी तिला एका वेळी एकच काम सांगते. माझ्यामागे तिला कोण सांगणार, हा घोर मला आहे, तो कुणी काढू शकत नाही.

वहिनी काविळीने गेली. बाई त्यांच्या गावी वारल्या, म्हातारपणाने, अंथरुणात. त्या दिवशी पाण्यात होतो त्या चौघीही जिवंत बाहेर आलो होतो. त्यातल्या आता सुमन आणि मी उरलोय.