सुम्ने घरीच

उत्तराबाई इनामदारांच्या पायाला भिंगरीच होती म्हणा ना! धारवाडात तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, पण वर्गापेक्षा लोकांच्या स्वयंपाकघरातच त्या जास्त सापडायच्या. घरी कोण रांधतं, कामाला कोण जातं, पोर कोण सांभाळतं? ‘लोकांच्या संसारात नाक खुपसायचा पगार घेते मी,’ असं म्हणून स्वतःच हसायच्या.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि तारिहाळहून मनीषाचा फोन आला. ती तिथल्या एका कारखान्यात कामाला. बाईंनी त्या कारखान्यासाठी कामगारांच्या घरांची पाहणी केलेली, त्यांपैकी एक घर तिचं.

“मॅडम, आमचं पाळणाघर बंद करायलेत. शुक्रवारी बैठक हाय. तुमच्याच अहवालावरनं, म्हणे!”

बाईंनी पाहणीचा तक्ता काढला. तीनशेपैकी दोनशे घरांपुढं लिहिलेलं, ‘घरी रिकामी व्यक्ती आहे.’ मग पाळणाघर कशाला, असं मालकांनी ठरवलं. आता ‘रिकामी’ कुणी म्हटलं? त्या बायकांनीच की! काय करता विचारलं, की दारोदारी एकच उत्तर, “मी होय? सुम्ने घरीच असते.” सुम्ने म्हणजे नुसतीच, उगाच. कन्नड असो की मराठी, इथल्या बायकांच्या तोंडी हा शब्द ठेवलेलाच.

दुसऱ्या दिवशी रविवार, पाळणाघराला सुट्टी. बाई न कळवता मनीषाच्या घरी थडकल्या. मनीषा जादा पाळीला गेलेली. तिच्या सासूबाई, मालतीबाई, लकवा झालेल्या नवऱ्याला कुशीवर वळवत होत्या. दीड वर्षाची नात जुन्या लुगड्यानं कॉटच्या पायाला बांधलेली.

“अगं बाई, हे काय!”

“काय करू? ह्यांना धरलं की ही गॅसकडं धावते,” मालतीबाई ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, “मी सुम्ने असते म्हटलं, म्हणून बंद करायलेत होय? माझंच चुकलं की.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तुमचं नाही हो. तुम्ही संकोचानं बोललात, आणि मी शिकलेली बाई तेच लिहून मोकळी झाले!”

त्यांनी मालकांना पत्र लिहिलं, ‘रिकामी’ ही नोंद माझीच चूक म्हणून. विभागप्रमुख श्रीवत्स हबकले. “मॅडम, जाता जाता नाव कशाला घालवून घेता? ‘पुरवणी टिपण’ म्हणा.”

“चूक म्हणजे चूक,” बाई फणकारल्या.

शुक्रवारी श्रीवत्सांना बरोबर घेऊन त्या बैठकीला गेल्या आणि उभं राहून पत्र वाचलं. नवी पाहणी होईपर्यंत पाळणाघर चालू ठेवायचं ठरलं. मनीषानं त्यांचा हात धरला तो सोडेचना.

परतताना गाडीत, रायापूरपाशी, श्रीवत्सांनी विचारलं, “मॅडम, तीस वर्षं तुम्ही हेच विचारत आलात ना? मग आधीच्या घरांचं काय?”

उत्तराबाई एकेक दार आठवू लागल्या, ‘सुम्ने’ म्हणणारी एकेक बाई. केलगेरीला त्यांचं घर आलं, श्रीवत्सांनी दोनदा हाक मारली, तरी त्या गाडीतून उतरल्या नाहीत.