जनुकांची कात्री आणि आमच्या चाळीचा देखावा

माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे. तो तान्हा असतानाच पांढराफटक पडायला लागला, दूध ओढायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा परळच्या इस्पितळात हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आईला ते नाव नीट घेता येईपर्यंत वर्ष गेलं. अर्थ मात्र त्याच दिवशी कळला. याच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून चढवायचं, आणि तेही जन्मभर.

त्याच सुमारास बाबांची गिरणी कायमची बंद पडली. तेव्हा इस्पितळात रक्ताची एक पिशवी घ्यायची तर बदल्यात कोणाला तरी एक पिशवी द्यावी लागे, रक्तगट कुठलाही चाले. बाबा काही दर महिन्याला देऊ शकत नव्हते. मग थकबाकीसाठी गिरणीच्या गेटवर सभा भरायची, तिथे जाऊन ते जुन्या सोबत्यांना बाजूला घ्यायचे. स्वतःसाठी कधी कोणापुढे हात न पसरलेला माणूस, पोरासाठी रक्त मागायचा. सभेत नेते पगाराचं बोलत असायचे आणि बाबा मागे उभे राहून कोणाच्या दंडाला सुई चालेल याचा अंदाज घेत असायचे.

पुढे ही गोष्ट लालबागच्या आमच्या चाळीच्या गणपती मंडळाने आपल्या अंगावर घेतली. मंडळाच्या फळ्यावर आरतीच्या पाळ्या लागतात तशा रक्ताच्या पाळ्या लागायला लागल्या. या खेपेला दुसरा मजला, पुढच्या खेपेला तिसरा. कोणी चुकला तर जिन्यात त्याला ऐकून घ्यावं लागे, "काय रे, आरतीला घसा काढतोस, पाळीला कुठे जातोस?"

चाळीच्या मायेचा त्रासही होता. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. कोणी बीट आणून द्यायचं, कोणी खजूर, कोणी रविवारी कलेजी. आई लोखंडी कढईत त्याच्यासाठी वेगळी भाजी परतायची. शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की याच्या अंगात लोह कमी नाही, जास्तच आहे. प्रत्येक पिशवीतून ते येतं आणि काळजात, यकृतात साठत जातं. आईने घरी येऊन कढई माळ्यावर टाकली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. आपण इतके दिवस पोराला काय भरवत होतो, हे तिला पचवता येत नव्हतं.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी चढले, बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. विषय निवडला तो भावामुळेच. डॉक्टर सांगायचे की त्याच्या एका जनुकात चूक आहे, आणि मला ती चूक बघायची होती. आज मी परळमध्येच एका प्रयोगशाळेत काम करते. घरून चालत जाते. जनुकांची दुरुस्ती करणारी जी कात्री आहे, तिच्यावर आमचं काम चालतं.

ही कात्री माणसाने बनवलेली नाही, सापडलेली आहे. जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. एकदा येऊन गेलेल्या विषाणूचा तुकडा काही जिवाणू स्वतःजवळ जपून ठेवतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की ओळखून त्याचे तुकडे करतात. दही लावताना विरजणातून जे जिवाणू आपण दुधात घालतो, त्यांच्यातही ही सोय असते. शास्त्रज्ञांनी ओळखलं की ही कात्री आपण सांगू त्या जागी कापू शकते, मग ते जनुक विषाणूचं असो की माणसाचं. यात दोन बायकांचा मोठा हात आहे हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कात्री म्हटल्यार बायकाच असतले."

भावाच्या आजारात या कात्रीचा उपयोग कसा, हे मी चाळीत नेहमी पाण्याच्या लाईनवरून सांगते. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ती जुनी लाईन बंद होते आणि मोठ्या माणसाची नवी लाईन सुरू होते. माझ्या भावाची नवी लाईन जन्मापासून फुटकी आहे. पण जुनी शाबूत आहे, तिचा फक्त वॉल्व्ह बंद केलेला आहे. कात्रीने तो वॉल्व्ह कापला की जुन्या लाईनला परत पाणी. परदेशात काही रुग्णांना असा उपचार मिळूही लागला आहे. आपल्याकडे तो आपल्या माणसांना परवडेल, झेपेल असा व्हावा म्हणून आमच्यासारख्या प्रयोगशाळा खटपट करतात.

चाळीचा देखावा ज्या काकांच्या हाती असतो ते बाबांच्याच गिरणीतले, सुतारखात्यातले. दरवर्षी हलती चित्रं आणि मागे आवाज, असा त्यांचा देखावा. एका वर्षी मीटिंगमध्ये ते म्हणाले, "पाणी वाचवा झालं, झाडं लावा झालं, मुलगी वाचवा दोनदा झालं. यंदा हिची कात्री करू. आपल्या चाळीच्या पोरीचं काम आहे, शेजारच्या मंडळाला काय कळणार आहे त्यातलं?"

"काका, आपल्याला तरी कुठे कळतंय?" माझा भाऊ म्हणाला.

"म्हणून तर आवाज तुझ्या बहिणीचा."

त्यांनी कमाल केली. पुठ्ठा आणि बांबूचा पुरुषभर उंच गोल जिना, म्हणजे डीएनए. सायकलच्या चेनवर फिरणारी कात्री. खाटेवर एक आजारी मुलगा, उशाला त्याची आई. मी आवाज रेकॉर्ड करून दिला. त्यात शेवटी स्पष्ट सांगितलं होतं की हे काम अजून प्रयोगशाळेत आहे, आपल्याकडे रुग्णांपर्यंत पोचायला वेळ लागेल, तोपर्यंत रक्तदान करत राहा.

पहिल्या संध्याकाळी मी आणि आई मंडपात उभ्या होतो. कात्री फिरली, जिना कापला गेला, आणि मी पुढच्या वाक्याची वाट बघत असताना ढोल वाजला, मागचा गणपती उजळला, खाटेवरचा मुलगा सर्रकन उठून बसला. माझा आवाज भोंग्यावर म्हणत होता, "जुनं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं आणि मूल बरं होतं." त्यानंतर फुलं पडली आणि पडदा. माझी शेवटची चार वाक्यं गायब होती.

मी काकांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "अगो, देखाव्याला शेवट लागतो. लोक तासभर रांगेत उभे राहतात ते काय 'काम चालू आहे' ऐकायला? ते तर महापालिका रस्त्यावरच लिहून ठेवते. शेवटी देव प्रसन्न झालाच पाहिजे. आजवर आपल्या एकाही देखाव्यात आजारी माणूस आजारी राहिलेला नाही."

मला हसू आलं. म्हटलं, जाऊ दे, देखावाच आहे. पण आई माझ्या शेजारी नव्हती. ती परत रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती, दुसऱ्यांदा बघायला.

दोन दिवसांनी भाऊ माझ्याकडे आला. तो आता नोकरी करतो, दादरला एका दुकानात हिशेब बघतो. रक्त चढवायचा दिवस जवळ आला की तो जिना चढताना मध्येच थांबतो. त्या दिवशीही धाप लागली होती.

"ताई, उद्या माझी तारीख आहे ना? आई नको म्हणतेय."

"नको म्हणजे?"

"म्हणते, आता ताईचा उपचार होणार, तर अंगात दुसऱ्यांचं रक्त कशाला भरून ठेवायचं? आधी अंग रिकामं होऊ दे. आणि सगळ्या मजल्यांवर मोदक देऊन आली. सांगितलं, इतकी वर्षं केलंत, आता पाळ्या बंद."

"मग तू सांगितलं नाहीस तिला?"

"मी काय सांगू? तिला इतकं खुशीत मी कधी बघितलं नाही गं. भोंगा तुझा आहे, तूच सांग."

आई नैवेद्याच्या भाजीसाठी अळू चिरत बसली होती. मी विळीसमोर बसले आणि एका दमात सांगितलं. उपचार इथे अजून नाही. कधी येईल माहीत नाही. आला तरी त्याला लागू पडेल का, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. उद्या रक्त चढवलं नाही तर त्याच्या काळजावर ताण येईल. आणि त्या उपचारासाठी अंग रिकामं करावं लागत नाही, उलट धट्टंकट्टं असावं लागतं.

तिचा हात थांबला. "तूच सांगलंस भोंग्यार, पोर बरा होता म्हणान."

"पुढचं काकांनी कापलं, आई. मी अजून वेळ लागेल असं म्हटलं होतं."

"माका दुसऱ्या कोणी सांगला असता तर मी इस्वास ठेवलंय नसता. तुझो आवाज होतो." तिने अळूची पानं बाजूला सारली. "कढईच्या टायमाक माका कोणी वेळेर सांगूक नाय. ह्या तरी आज सांगलंस."

तिने डोळे पुसले की अळू खाजलं, मला कळलं नाही. मी वाट बघत होते की ती आतल्या खोलीत जाऊन पडेल. ती उठली, पदर खोचला आणि थेट खाली मंडपात गेली. मी मागोमाग.

काका चेनला तेल देत होते. आई त्यांना भावोजी म्हणते.

"भावोजी, तो शेवट बदला."

"वहिनी, गर्दी बघताय ना? आजूबाजूच्या चाळींतून लोक येतायत."

"म्हणानच बदला. त्या रांगेत माझ्यासारखी आणखी एक आवस असतली. ती घराक जाऊन पोराचा रगत बंद करीत. मगे तुमचो देव कोणाक पावतलो?"

काकांनी तेलाची बुधली खाली ठेवली. मग म्हणाले, "पण मग पोरगा उठायचा की नाही?"

"उठवा. पण हाताक पिशवी लावून."

काकांना हे पटायला अर्धी दुपार लागली, आणि पटल्यावर त्यांनी ते मनापासून केलं. खाटेवरच्या मुलाच्या हाताला लाल नळी लागली, वर खरी रिकामी पिशवी. तो उठून बसायचा आणि पाटी पुढ्यात घ्यायचा. कात्री फिरायची थांबायची नाही, पडदा पडला तरी मागे तिची सावली हलत राहायची. शेवटच्या वाक्यांसाठी दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः माईकपाशी बसला. मी लिहून दिलेलं त्याने बाजूला ठेवलं. म्हणाला, "माझ्या बहिणीची कात्री अजून लॅबमध्ये आहे. तोपर्यंत मी या चाळीच्या रक्तावर चालतो. आज सकाळीच भरून आलोय. बाहेर टेबल आहे, नाव देऊन जा, आणि मोदक घेतल्याशिवाय जाऊ नका."

तो खरंच त्या सकाळी जाऊन आला होता. गालांवर रंग दिसत होता, आणि दुसऱ्याच कोणाची थट्टा करावी तशी तो स्वतःची करत होता.

मला वाटलं होतं लोक हिरमुसतील. टाळ्या कमी पडल्या, हे खरं. पण टेबलापाशी रांग लागली. शीव कोळीवाड्याहून आलेल्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्यांच्या जावेच्या मुलीला हाच आजार आहे, घरात लग्नाची बोलणी चाललीत, बाकीच्यांनी काय तपासावं? मी त्यांना सांगितलं की हा आजार आईबाप दोघांकडून येतो, दोघेही धडधाकट असतात, एक साधी रक्ताची तपासणी लग्नाआधी केली तर कळतं. असं विचारणारे त्या गणपतीत बरेच भेटले. देखाव्यातला मुलगा बरा झाला असता तर त्यांच्यातलं कोणी थांबलं नसतं असं मला वाटतं. काकांनी मात्र हार मानली नाही. विसर्जनाच्या दिवशी म्हणाले, "पुढच्या वर्षी पौराणिक. तिथे कोणी तपासायला येत नाही."

पुढच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेने रुग्णांकडून रक्ताचे नमुने मागवले. भावाने आपणहून नाव दिलं. आई म्हणाली, "त्याच्या अंगात रगत चाळीचा, तुमका त्याचा काय मिळतला?" प्रश्न बरोबर होता. त्याच्या अंगात फिरणाऱ्या लाल पेशी बहुतेक दुसऱ्यांच्या असतात. पण त्या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी त्याच्या स्वतःच्या, आणि त्यातल्या थोड्या रक्तात सापडतात. आम्हाला त्याच हव्या होत्या. नमुने आमच्याकडे नावाने येत नाहीत, नुसत्या आकड्यांनी येतात. कोणता नमुना कोणाचा हे काम करणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. त्याचं नाव त्यात आहे हे मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

आम्ही त्या पेशींचा वॉल्व्ह कापला, त्या वाढवल्या आणि वाट पाहिली. तपासणी झाली तेव्हा एकूण एक नमुन्यात बाळपणीचं हिमोग्लोबिन तयार झालेलं होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं की याला अजून रक्त लागणार, पाळ्या चालू ठेवायच्या, पण सगळ्या नमुन्यांत जुनी लाईन सुरू झाली आहे, म्हणजे त्याच्याही.