मुळासकट काढलेला आवाज

ग्रंथालयातले संगणक सांभाळणाऱ्याला सगळे ‘सफाईमास्तर’ म्हणत. पदवी थट्टेत मिळालेली. मास्तरांनी ती मनावर घेतली होती. तिथली सगळी मशीनं लिनक्सवर चालत. कुठल्या मशीनवर काय बसवलंय ते हुडकायचं आणि बिनकामाचं उपटून टाकायचं, हा त्यांचा छंद. उपटायचे मार्ग दोन. ‘रिमूव्ह’ म्हटलं की प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फायली राहतात. पाहुणा परत आला तर अंथरूण घातलेलं. ‘पर्ज’ म्हटलं की अंथरूणही जातं. मास्तर कायम पर्ज म्हणत.

नोंदणी विभागातल्या ताईंच्या मशीनवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम मास्तरांना सापडला. इथे माणसांनाही बोलू देत नाहीत, मशीनचं काय घेऊन बसलात, असं मनाशी म्हणत त्यांनी तो पर्ज केला. मशीननं रीतीप्रमाणे ‘नक्की ना?’ विचारलं. मास्तरांनी रीतीप्रमाणे न वाचता होकार दिला.

ताई कानाला हेडफोन लावून काम करायच्या. गाणी ऐकतात, असा सगळ्यांचा समज होता.

“मास्तर, माझं मशीन मुकं झालंय,” दुसऱ्या दिवशी सकाळी ताई हळूच म्हणाल्या.

“ते तुम्ही वापरत होता?”

“मग काय शोभेला ठेवलं होतं? मला कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. आता तुम्ही दिसताय, तुमचं तोंड दिसत नाही. आणि बरंच आहे म्हणा. साहेबांना कळलं तर उद्यापासून घरी बसवतील.”

मास्तरांनी प्रोग्रॅम तिथल्या तिथे परत बसवला. आवाज आला, पण परका. लेखकांची नावं तो चिरडून टाकू लागला. कुठला शब्द कसा उच्चारायचा हे ताईंनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं आणि आधीच्या देखभालवाल्यानं ते सेटिंगच्या फायलीत भरलं होतं. बॅकअप होता, तो पुस्तकांच्या नोंदींचा. सेटिंगचा बॅकअप घेणं हा मास्तरांच्या लेखी कचरा जपण्याचा प्रकार होता.

“शब्द आठवतात का, ताई?”

“अडलं की आठवतात. एरवी कसे आठवणार?”

नोंदी का तुंबल्या, असं साहेबांनी विचारलंच. मास्तर म्हणाले, “माझ्या चुकीनं ताईंचं मशीन बिघडलं.” याहून जास्त सांगायची सोय नव्हती.

“अहो, जो काम करतो तोच चुकतो,” साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शिक्षा मिळाली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

आता ताईंना शब्द अडला की तळमजल्यावर मास्तरांचा फोन वाजतो. हातातलं टाकून ते दोन जिने चढतात, शेजारी खुर्ची ओढतात आणि तो एक शब्द फायलीत भरतात. हे काम खाली बसूनही करता येतं. ताईंना त्यांनी ते कधी सांगितलेलं नाही.