कालच झालेला धडा

हिंदी मुलखातल्या भनपुरीत आमची सहावी ते आठवीची पूर्व माध्यमिक शाळा आणि तिला मुली पुरवणारी प्राथमिक शाळा यांच्यात एकच भिंत आहे. आम्ही म्हणायचो, सहावीत येणाऱ्या मुलींना अपूर्णांक येत नाहीत. ते म्हणायचे, आमच्याकडून येतात तेव्हा येत असतात. हे थांबवायला मीच सुचवलं, शनिवारी एकमेकांच्या वर्गात बसू. पलीकडच्या गणिताच्या मॅडम मूळच्या वर्ध्याच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मले तपासणी नाही पाहिजे. आधी तुमचा तास पाहतो, मग माझा वर्ग उघडायचा का ते सांगतो." त्या नाही म्हणाल्या असत्या तर बाकीच्यांनीही अंग काढून घेतलं असतं.

मग मी चूक केली. तपासणीची सवय हाडात मुरलेली. शनिवारी घ्यायचा अपूर्णांकांचा धडा शुक्रवारीच शिकवून टाकला आणि हुशार मुली पुढे बसवल्या.

शनिवारी मॅडम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. मी विचारलं, एक पोळी चौघींत वाटली तर? प्रश्न पुरा होण्याआधी वर्ग ओरडला, "एक बटा चार!" दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर आधीच तयार. तिसऱ्याला पुढची एक मुलगी मदतीच्या भावनेनं मला म्हणाली, "मैडम, ये नहीं, कल इसके बाद आधी रोटी वाला पूछे थे."

मॅडमनी वही मिटली.

"नाटक बसवलं चांगलं तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज खाली, पण वर्गभर गेला.

माझे कान तापले. फळा पुसला. न शिकवलेलं लिहिलं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मागच्या मुलीला उठवलं.

"दो बटा पाँच."

वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. मी समजावलं. तिनं मान हलवली आणि परत तेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदा समजावलं, तेच. तास संपायला दहा मिनिटं होती. मॅडम पर्स आवरत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही हे कसं शिकवता?"

एवढ्या वर्षांत भिंतीपलीकडे मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्यांनी पर्स बाकावर ठेवली. मग उठून त्या मुलीजवळ गेल्या. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिच्या वहीचं पान फाडलं, त्यावर पाच सारखे भाग आखले.

"इसमें से दो ले. आधे से कम है कि ज्यादा?"

"कम."

"और तूने आधे में कुछ मिलाया था न?"

मुलगी कागदाकडे बघत राहिली. "हव... तो ये गलत है." का चूक, ते तिला सांगता येईना. तेवढ्यात घंटा झाली. बेरीज फळ्यावर तशीच राहिली.

व्हरांड्यात मी म्हटलं, "काल तालीम घेतली होती मी."

"दिसलं," त्या म्हणाल्या. "काहून घेतली?"

"भीती."

त्यांनी चपला घातल्या. "येत्या शनिवारी या माझ्याकडे. पण मी काही बसवणार नाही. पोट्टे गोंधळ घालतीन."

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. "एक डाव तालीम घेऊन पाहू का हो, नुसती?"

"नको," मी म्हटलं.

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग, "ठीक आहे. लवकर या."