इंजिनभटजी आणि निळा धूर

इंजिनभटजींच्या तोंडून मी कधी चांगला शब्द ऐकला नाही. "या, बसा" म्हटलं तर "बसायला आलो नाही", आणि चहा पुढे केला तर "हा चहा आहे की धुवण?" काशीत संकठाघाटाजवळचं त्यांचं घराणं वैदिकांचं. वडील दशग्रंथी, आणि हे चिरंजीव संध्या उरकली की इंजिनं उलगडत बसायचे. म्हणून हे नाव. आधी कानपूरला एका कारखान्यात होते. तिथल्या गोऱ्या साहेबाला "तुला काही कळत नाही" असं तोंडावर सांगून घरी आले. साहेबाला सांगितलं त्याचं मलाही कौतुक आहे. पण तेच ते आम्हालाही उठता-बसता सांगायचे, त्याचं काय?

मंगलागौरीच्या गल्लीत माझ्या मावशीची पिठाची चक्की होती. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका गेले आणि मागे उरलं ते हे घर, चक्की आणि ती फिरवणारं एक लहानसं तेलाचं इंजिन. चक्की चालली तर मावशी आपल्या घरात, नाही तर दिरांच्या दारात. दिरांनी जिन्याखालची जागा रिकामीही करून ठेवली होती. "आता धुण्याभांड्याची बाई काढून टाकते," असं जाऊबाई चारचौघींत बोलून बसल्या होत्या. मावशी ते ऐकून दोन दिवस जेवली नाही. मी त्याच गल्लीत दिलेली, पण भाचीच्या सासरी राहायचं तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

लढाईचे दिवस. इंजिन थकलं आणि सुटे भाग मिळेनात. भटजींनी कुठून कुठून खटपट करून कलकत्त्याहून पिस्टनच्या रिंगा आणवल्या, सगळं उलगडून, घासून, नवं करून दिलं. "झालं. आता हात लावून वाट लावा," म्हणाले आणि चालते झाले.

थोडे दिवस बरे गेले. मग धुराड्यातून निळा धूर यायला लागला. इंजिन तेल पिऊ लागलं आणि पिठाला जळका वास यायला लागला. सोवळ्यातल्या घरांनी कणीक परत पाठवली, मग गल्लीच फिरकेनाशी झाली. दीर येऊन सांगून गेले, "सोमवारी हमाल घेऊन येतो. सामान बांधून ठेवा."

सोमवारी पहाटेच मी भटजींना बोलावून आणलं. येता येताच सुरुवात! "सरसोंचं तेल ओतलं असेल यात. तुमचा काय भरवसा?" बोट बुडवून हुंगलं, तेल चांगलं होतं. मग इंजिन चालू करून धुराकडे बघत उभे राहिले. सुरू होताना धूर येऊन थांबला असता तर दोष झडपांचा. इथं थांबतच नव्हता, आणि चक्कीच्या दगडांवर गहू पडले की आणखी वाढत होता. "रिंगांशेजारून तेल वर चढतंय," ते म्हणाले. "पण रिंगा तर मी घातल्यात!"

इंजिन खोललं. सिलिंडर आतून आरशासारखा चकचकत होता. भटजींनी त्यावरून बोट फिरवलं. "बाई, यावर दळत काय होतात?"

मावशी कौतुकानं सांगायला लागली, "अहो, आजारातून नुकतं उठलेलं ते. बाळंतिणीसारखं जपलंय. या भाचीकडून हळदकुंकू वाहिलं. सव्वा महिना जड काही दिलं नाही. मूठ मूठ घालायची, एरवी रिकामंच फिरवायची, अंग मोकळं व्हायला."

"बाळंतीण!" भटजी कडाडले. "अहो, नव्या रिंगा जोर पडल्याशिवाय बसत नाहीत. रिकामं फिरवून आत काच केलीत तुम्ही. लाडांनी मारलंत त्याला! निपुत्रिक बाईला बाळंतपणातलं काय कळणार म्हणा!"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. माझं मात्र डोकंच फिरलं. "आणि हे देताना सांगितलंत का तुम्ही? शिव्यांना बरं तोंड उघडतं!"

"त्यात सांगायचं काय? कळायला नको?"

"नाही कळत! आम्ही नव्हतो कानपूरला!"

माफी? नाव नको. भटजी पॉलिशकागद घेऊन सिलिंडर तिरका-उलटा तिरका घासत बसले, चकाकी मरेपर्यंत. दुसऱ्या कामासाठी आणलेल्या रिंगा त्यांनी यात घातल्या. आता पहिल्या घासापासून पोटभर दळायला हवं होतं, आणि आम्हाला दळण द्यायला कोण येणार? भटजी तरातरा घरी गेले आणि स्वतःच्या घरचे वर्षाचे गहू हमालांच्या डोक्यावर घेऊन आले. मागून त्यांची बायको ओरडत, "अहो, खायचं काय आम्ही, तेल?"

"घाला," ते मावशीला म्हणाले. "भरून घाला. दया नको."

आधी धूर आला, भरपूर आला. मग पातळ होत गेला आणि दुपारपर्यंत दिसेनासा झाला. तेवढ्यात दीर हमाल घेऊन दारात. "चला, वहिनी."

मावशीचा हात तिथंच थांबला. भटजींनी मान वळवली नाही. "बाई कामात आहेत. दळण असेल तर मागे उभे राहा. नसेल तर हटा, उजेड अडतोय."

दीर हमालांसकट आले तसे गेले.

'निपुत्रिक' हा तो एक शब्द मावशीनं भटजींना कधी माफ केला नाही, मीही नाही. पुढे कुणाशी तरी भांडून ते काशी सोडून गेले, तेव्हा निरोप द्यायलाही आम्ही गेलो नाही. असा तुसडा माणूस मला पुन्हा भेटू नये. पण मावशी म्हातारी झाली ती आपल्याच घरात, आणि मणिकर्णिकेला निघाली तीही आपल्याच दारातून.