मधला ढीग

आमचे मामाजी बाटलीचं नाव कधी वाचत नसत. चष्मा कपाळावर चढवायचा, बाटली डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायची आणि थेट खालच्या बारीक अक्षरांतली किंमत मोठ्यानं वाचायची, एवढीच त्यांची चौकशी. हॉटेलातलं मेनू कार्डसुद्धा ते उजवीकडून वाचत. आकड्यांच्या रांगेतून बोट वरून खाली उतरायचं, मधल्या आकड्यावर थांबायचं आणि मग त्या बोटाच्या डावीकडे काय लिहिलं आहे ते वेटरला विचारायचं. एकदा त्या बोटापुढे मशरूम निघालं. मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा मशरूम खाल्लं आणि "वांग्याची सर नाही, पण वांग्याचा दुश्मनही नाही," असा निकाल दिला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या विदर्भात सासऱ्याला मामाजीच म्हणतात. काटोलच्या बाजारात फाटकाजवळ त्यांचं संत्र्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि मधोमध मामाजी. सासूबाई गेल्या आणि पुढे गुडघेही बोलू लागले, तेव्हा त्यांनी ताडपत्री गुंडाळली आणि दर दुसऱ्या रविवारी एसटीनं आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर यायला सुरुवात केली. हातात भाजीची पिशवी, डोक्याला पांढरा दुपट्टा. पाणी प्यायले, लेकीची तब्येत विचारली, की त्यांची नजर माझ्याकडे वळायची. मग आम्ही दोघं "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचो. पाय कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीपर्यंतच मोकळे व्हायचे.

दोन माणसांत एक बाटली, हा माझ्या बायकोचा, वैशालीचा, कायदा होता. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून यायची आणि बाल्कनीत कूलरच्या आडोशाला स्टीलच्या दोन पेल्यांत उतरायची. घरात तिला जवाचं पाणी म्हणत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून हे नाव होतं, आणि शेजाऱ्यांकडेही दर रविवारी जवाचंच पाणी असायचं.

बाटली कोणती घ्यायची, हा प्रश्न मामाजींच्या दृष्टीनं केव्हाच सुटलेला होता. "खालची घेतली तं दुकानदार हसते. वरची घेतली तं पोरगी रडते. मधली घ्या जावईबापू, कोणी काही बोलत नाही." एका रविवारी त्यांनी मला शॉपीबाहेर चिंचेच्या सावलीत चांगली पंधरा मिनिटं उभं केलं आणि गिऱ्हाइकं दाखवली. एक शर्ट इन केलेला गृहस्थ आला.

"आता पाहा," मामाजी कुजबुजले, "पहिले वर पाहीन."

गृहस्थानं सगळ्यात वरच्या फळीकडे पाहिलं.

"आता भाव वाचून राहिला. आता थूक गिळला. आता उतरते... खाली नाही जाणार, खाली त्याचे सायब लोक पाहतीन... थांबला."

गृहस्थ मधल्या फळीवर थांबला होता. मी थक्क झालो. मामाजींनी मला वरच्या फळीवरची एकुलती एक बाटली दाखवली. "तिच्यावरची धूळ पाहा. ती विकाले नाही ठेवली. ती मधली विकाले ठेवली."

ही विद्या काटोलची. मामाजी एकाच झाडाची संत्री आणून त्यांचे तीन ढीग लावत आणि तिन्हींवर तीन भाव. मधला ढीग दुपारच्या आत संपायचा. मग ते वरच्या ढिगातली आणि खालच्या ढिगातली चार-चार संत्री उचलून पुन्हा मधला ढीग उभा करत. मी एकदा म्हणालो, "मामाजी, ही तर फसवणूक झाली." त्यांना मनापासून वाईट वाटलं. "फसवलं कुठं? तिन्ही गोड होते ना. महाग नेणारा घरी जाऊन सांगे, पाहा कशे गोड आहे. स्वस्त नेणारा सांगे, पाहा कसं जमवलं. अन् मधला नेणारा काही सांगतच नसे, त्याले आपण हुशार आहो हे माहीत राहे. तिघंबी खूश."

हे सगळं मी हसत हसत ऐकलं असतं. अडचण एवढीच होती, की मधला ढीग मी होतो.

वैशालीच्या लग्नाच्या वेळी तिला तीन स्थळं होती, ही आमच्या घरातली इतिहासप्रसिद्ध गोष्ट आहे. पहिलं स्थळ पारशिवनीच्या शाळेतला मास्तर. त्याच्या घरच्यांचं काहीच मागणं नव्हतं, अंगणात मांडव घातला तरी चालणार होतं. तिसरं स्थळ पुण्याचा इंजिनीअर. त्याला गाडी हवी होती आणि फ्लॅटला हातभार हवा होता. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पगार मात्र साऱ्या भावकीला पाठ होता. आणि या दोघांच्या मधोमध मी, नागपुरातल्या सरकारी कचेरीतला कारकून. माझ्या बाबांचा हट्ट फक्त नागपूरच्या हॉलचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. घरातल्या मोठ्यांनी वर पाहिलं, थूक गिळला, उतरले आणि माझ्यावर थांबले.

खरं तर मुलगी बघायला गेलो तेव्हाच मी नापास झालो होतो, असं माझं मत. मामाजींनी स्वतः सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "कसं आहे?" ते इतकं आंबट होतं, की माझ्या तोंडून "आंबट आहे" असं खरंच निघून गेलं. आईनं मला चिमटा काढला. मग त्या घाबरगुंडीत मी ते अख्खं संत्रं बियांसकट संपवलं.

लग्न झालं, पण पुण्याचा इंजिनीअर काही माझ्या संसारातून गेला नाही. स्कूटर किक मारून सुरू होत नसे तेव्हा तो गाडीतून जाताना दिसायचा. कूलरचं पाणी फरशीवर सांडलं, की त्याच्या घरात एसी चालायचा. वैशालीनं त्याचं नाव कधी काढलं नाही, आणि तेच मला जास्त झोंबे. मी मनातल्या मनात त्याची बढती करत गेलो. कंपनीत मॅनेजर केलं, परदेशात पाठवून आणलं, बंगला बांधून दिला. फक्त टक्कल मी त्याला लवकर पाडलं, तेवढा माझा अधिकार होता.

पुढे माझी बढती झाली, त्या रविवारी मी मामाजींना न विचारता वरच्या फळीवरची बाटली मागितली. काउंटरवाल्यानं ती फडक्यानं पुसून दिली. जावई एक फळी वर चढला आहे, हे सासऱ्याला दिसावं एवढीच इच्छा. बाल्कनीत मामाजींनी चष्मा कपाळावर चढवला, भाव वाचला आणि बाटली खाली ठेवली.

"पगार वाढला काय?"

"बढती झाली, मामाजी."

"मग बरं आहे." त्यांनी घोट घेतला. "पण बढती बाटलीची झाली का तुमची, हे समजून नाही राहिलं."

"चव तर बघा. किती मऊ आहे."

"मऊ?" आतून वैशालीचा आवाज आला. "बिअर आहे का पोळी?"

पुढच्या खेपेला परीक्षा घ्यायची असं तिनंच ठरवलं. त्या एका रविवारसाठी कायदा शिथिल करून तिन्ही फळ्यांवरच्या तीन बाटल्या आल्या. वैशालीनं स्वयंपाकघरात त्या तीन पेल्यांत ओतल्या आणि पेल्यांच्या बुडाला आपल्या टिकल्या चिकटवल्या. स्वस्ताला एक, मधलीला दोन, महागाला तीन. मी तिन्ही पेल्यांतून घोट घेतला, डोळे मिटले, आणि एक पेला उचलून म्हणालो, "ही वरची. शंकाच नको. हिला एक उंची आहे." मामाजींनीही तोच पेला पसंत केला, पण उंचीबद्दल ते काही बोलले नाहीत. वैशालीनं पेला उचलून आम्हाला बूड दाखवलं. बुडाला एकच टिकली होती.

मामाजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पाठीवरून हात फिरवून घेत ते म्हणाले, "जिभेले भाव समजत नाही जावईबापू, म्हणून तं माणूस डोळ्यानं विकत घेते."

मला वाटलं, आता तरी स्वस्त बाटली येईल. पुढच्या वेळी शॉपीत त्यांचा हात सवयीनं मधल्या फळीकडे गेला.

"काहून मामाजी? चवीला तर खालची बरी होती."

"चव तोंडात राहते. भाव गल्लीत फिरते," मामाजी म्हणाले आणि पिशवी पुढे केली.

हे वाक्य मला हसवायला होतं, पण घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होतो. म्हणजे चव कुणाची बरी होती, हे माणूस सांगत नाही, मधला घेऊन मोकळा होतो. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, की आपल्याला मी आवडलो होतो का परवडलो होतो. विचारण्याइतका मऊ मी कधी झालोच नाही.

मागच्या वर्षी मामाजींच्या किडनीनं असहकार पुकारला. आम्ही त्यांना काटोलहून कायमचंच इकडे आणलं. डॉक्टरांनी साधं पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं, तिथं जवाच्या पाण्याचं नावच नको. रविवारी ते बाल्कनीत बसत आणि समोर माझा एकट्याचा पेला बघून मला म्हणत, "प्या, प्या. मी वास घेऊन राहिलो."

एका रविवारी, मृगाची संत्री बाजारात आली होती तेव्हा, वैशालीनं स्वतःच येऊन सांगितलं, "बाबांना दोन घोट द्या. मी डॉक्टरांना विचारलं." डॉक्टर काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी चपला घातल्या.

"मधली आणतो, मामाजी."

"नाही. खालची आणा. आता पाहाले कोण आहे?"

मी खालची आणली. त्यांनी तिचा भाव वाचला नाही. पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला, आणि समोरच्या गुलमोहराकडे बघत म्हणाले, "तुमच्या सासूले अन् माह्या मोठ्या भावाले मास्तरच पसंत होता."

मी पेला खाली ठेवला.

"तुमच्या बाबाचा तो हॉल त्याइले महाग वाटून राहिला होता. दोनच ढीग असले तं लोक स्वस्तच उचलते. मंग मले वर एक ढीग लावा लागला."

"म्हणजे?"

"पुण्यात माह्या ओळखीचं कोणीच नाही, जावईबापू."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. माझ्या डोळ्यांसमोरून तो इंजिनीअर गेला. त्याची गाडी, एसी, बंगला आणि मी इतकी वर्षं जपून वाढवलेलं टक्कल. एका माणसाला सव्वीस वर्षं सांभाळावं आणि तो जन्मालाच आलेला नसावा.

"पण मामाजी," मी विचारलं, "मीच काहून?"

"मास्तरलेबी त्याच झाडाचं संत्रं देलं होतं मी. 'वा, मध आहे' म्हणाला. तसा चांगला होता बिचारा. चव म्हणाल तं तुमच्यापेक्षा बराच." दुसऱ्या घोटासाठी त्यांनी पेला उचलला. "तुम्ही आंबट आहे म्हणाले, अन् पूर्ण खाल्लं. बियाबी नाही सोडल्या. म्हटलं, हा पोट्टा निभावते."

मग ते झोपायला आत गेले. त्यांचा पेला मी रिकामा समजून उचलला. तळाशी घोटभर उरलं होतं.

रात्रीच्या भाजीला वैशाली वांगी चिरत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिची सुरी थांबलीसुद्धा नाही. "मले माहीत आहे. मोठ्या आईनं बाबाले पोराचं नाव विचारलं होतं. बाबा म्हणे, नावाले काय करता, पगार ऐका. तवाच समजलं मले." मोठी आई म्हणजे तिची थोरली काकू.

"मग एवढ्या वर्षांत सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू? त्याच्या भेवानं तुम्ही बरे वागून राहिले होते."

महिनाभरात मामाजी गेले. काटोलहून बाजारातली माणसं आली होती. त्यातल्या एकानं येताना संत्र्यांची पेटी आणली आणि ती कुठं ठेवावी ते न कळून तो बराच वेळ हातात धरून उभा राहिला.

त्यानंतर कितीतरी रविवार मी शॉपीकडे फिरकलो नाही. परवा गेलो. काउंटरवाल्याचा हात मला पाहताच मधल्या फळीकडे गेला. "हमेशावाली ना, साहेब?"

"नाही. खालची द्या."

तो जरासा हसला. मामाजींनी सांगितलं होतंच. मी नजर चुकवली, ती वरच्या फळीवर गेली. तिथं नवी एकुलती एक बाटली होती, आणि तिच्यावरही धुळीचा थर जमला होता. काउंटरवाल्याला आशा वाटली. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं.

"ती पाहिजे का, साहेब? पुसून देतो."

"नको," मी म्हणालो. "तिथंच राहू द्या. तिच्याच भरवशावर आमचं लग्न झालं."